कॅलिब्रेशन इंजिनिअरचं काम घ्यावं का?

सांगलीकर_मेक
यंदा मेकॅनिकल पूर्ण झालं. पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनची ऑफर आहे. वडील म्हणतात, डिझाइनला जा, निदान बनवलेला पार्ट हातात धरून दाखवता येतो. दिवसभर लॅपटॉपवर आकडेच बदलायचे असतात का? आणि सगळं इलेक्ट्रिक झालं की पुढे काय?

थंड_स्टार्ट
पेट्रोल इंजिनांचं कॅलिब्रेशन करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आकडेच बदलायचे, पण गाडीत बसून. ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर दुसरे लिहितात. कुठल्या आरपीएमला, किती लोडला, किती इंधन आणि किती स्पार्क ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी टाकायची), हे आकड्यांचे तक्ते, म्हणजे मॅप, आपण भरतो. मांडीवर लॅपटॉप, त्यात इन्का हे कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर चालू.

मला सगळ्यात आवडतं ते कोल्ड स्टार्टचं काम. इंजिन गरम झालं की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्बडा सेन्सर हवा-इंधनाचं मिश्रण सांभाळून घेतो. पण गार इंजिनात तो सेन्सर अजून जागा झालेला नसतो, तिथे सगळी भिस्त आपल्या आकड्यांवर. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून हे आणखी नाजूक झालंय. पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, शुद्ध इथेनॉलला ९ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त, आणि इथेनॉलची थंडीत वाफ लवकर होत नाही. लेहला रात्रभर गाडी उघड्यावर ठेवायची, पहाटे चावी फिरवायची. इंजिन अडखळलं तर आकडा बदलायचा, पण पुन्हा लगेच बघता येत नाही, कारण इंजिन आता कोमट झालेलं असतं. त्या गाडीवरचा पुढचा खरा स्टार्ट दुसऱ्या दिवशी पहाटेच. म्हणून काय बदलायचं ते रात्रीच नीट ठरवावं लागतं. मला या कामाची गोडी त्यातूनच लागली.

उन्हाळ्यात कडक उन्हातल्या चाचण्यांना राजस्थान असतंच. शिवाय एप्रिल २०२३ पासून बीएस ६ या उत्सर्जन नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात खऱ्या रस्त्यावरचं उत्सर्जनही मोजतात. आधी लॅबमधली ११८० सेकंदांची ठरलेली सायकल सांभाळली की बरंचसं भागायचं. आता ट्रॅफिक, घाट, चालवणाऱ्याचा पाय, सगळं धरून चालावं लागतं. मला हे फार योग्य वाटतं. शेवटी धूर रस्त्यावरची माणसंच खातात.

वडिलांना एक दिवस गाडीत बसवा. थंडगार गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, तेच आपलं दाखवण्यासारखं काम.

चाकणवाला_ईव्ही
इलेक्ट्रिकची धास्ती नको. पेडल किती दाबलं की किती टॉर्क, पाय काढल्यावर रीजन (मोटरनेच वेग कमी करून बॅटरीत वीज परत भरणं) किती, बॅटरी गार असताना चार्जिंगचा करंट किती, हे सगळं कॅलिब्रेशनच. रीजन आणि ब्रेक यांची सांगड नीट बसली नाही तर मागे बसलेल्याला मळमळतं.

सांगलीकर_मेक
दोघांचे आभार. रुजू होण्याआधी काय शिकू?

थंड_स्टार्ट
इन्काचं लायसन्स घरी परवडणार नाही, ते कंपनीत शिकाल. पायथनमध्ये एमडीएफ फाइल (चाचणीत नोंदलेल्या मोजमापांची) उघडून आलेख वाचायला शिका. आणि आयसी इंजिनचं पुस्तक पुन्हा काढा, नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकतं त्याचा) धडा आधी.