बिनभोगवटा शुल्काचे निवेदन: खासदारांकडे की आमदारांकडे?

सी-७०४ : सर्वांना नमस्कार. नोकरीनिमित्त परगावी असल्याने ज्यांनी सदनिका भाड्याने दिल्या आहेत, अशा आमच्यासारख्या सभासदांना बिनभोगवटा शुल्क, म्हणजे आपण ज्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतो ते, दर महिन्याला भरावे लागते. ते कमी व्हावे यासाठी एक निवेदन तयार करावे असे मी सुचवते. केंद्रात २०२१ पासून स्वतंत्र सहकार मंत्रालय आहे, त्यामुळे ते खासदारांमार्फत तिकडे पाठवता येईल. कोण कोण सही करतील, ते कृपया कळवावे.

ए-३०२ : ताई, सही मी जरूर करीन, मात्र निवेदन दिल्लीला पाठवून उपयोग होणार नाही. हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, आणि सेवाशुल्क मोजताना महापालिकेचे कर त्यातून वगळावेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी काढला. तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९-अ खाली आहे. हा कायदा आपल्या विधिमंडळाचा, कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सहकारी संस्था हा विषय राज्य सूचीत, ३२ व्या नोंदीत आहे. एकाहून अधिक राज्यांत कारभार असलेल्या बहुराज्यीय संस्था तेवढ्या केंद्राच्या अखत्यारीत येतात, आणि आपली संस्था तशी नाही.

बी-१०५ : काका, पण मग रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा, केंद्राचा कसा? घरे तर राज्यातच बांधली जातात.

ए-३०२ : प्रश्न योग्य आहे. मालमत्तेचे हस्तांतरण (शेतजमीन सोडून) आणि करार हे दोन विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर संसद आणि विधानमंडळ दोघांनाही कायदा करता येतो. बिल्डर आणि ग्राहक यांच्यातील व्यवहार हा मुळात करार असल्याने संसदेने त्या आधारावर २०१६ चा कायदा केला आणि त्यातच आपल्या राज्याचा याच विषयावरचा २०१२ चा कायदा रद्द केला. पश्चिम बंगालने २०१७ मध्ये बराचसा रेरासारखाच, पण स्वतःचा कायदा केला होता. एकाच विषयावर दोन कायदे टक्कर घेऊ लागले तर, राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती नसल्यास, अनुच्छेद २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा टिकतो. म्हणून ४ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगालचा कायदा घटनाबाह्य ठरवला. ताबा उशिरा मिळाला म्हणून महारेराकडे, म्हणजे रेराखालच्या आपल्या राज्यातील प्राधिकरणाकडे, तक्रार करतो ती केंद्राच्या कायद्याखाली, आणि तीच इमारत संस्था म्हणून नोंदवली की कारभार राज्याच्या कायद्याखाली येतो.

डी-६०१ : मग सहकारासाठीही देशभर एकच कायदा का असू नये? निवडणुका, लेखापरीक्षण, समितीची मुदत हे सगळीकडे सारखेच हवे.

ए-३०२ : तो प्रयत्न झालेला आहे. २०११ मध्ये संसदेने ९७ वी घटनादुरुस्ती मंजूर केली, ती १५ फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाली, आणि तिने समितीचे जास्तीत जास्त एकवीस सदस्य, पाच वर्षांची मुदत अशा तपशिलांपर्यंत राज्यांना नियम घालून दिले. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. अनेक संस्थांत वर्षानुवर्षे निवडणुका होत नव्हत्या. पण राज्यांच्या अधिकारात असा हात घालायचा, तर अनुच्छेद ३६८ प्रमाणे निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता लागते आणि ती घेतलीच नव्हती. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दुरुस्तीतला हे नियम घालून देणारा भाग रद्द केला, आणि २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बहुराज्यीय संस्थांपुरता भाग मात्र दोन विरुद्ध एक अशा बहुमताने राहू दिला.

त्या दुरुस्तीला अनुसरून महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला कायदा बदलला होता, आणि तो बदल विधिमंडळाने केलेला असल्याने निकालानंतरही टिकला. सर्वत्र एकसारखे नियम हवेत हे म्हणणे मला समजते, तरीही सहकार राज्याकडेच असावा असे मला मनापासून वाटते. गृहनिर्माण संस्था, अभिहस्तांतरण (जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून घेणे), पुनर्विकास हे आपल्याकडचे प्रश्न इतके गुंतागुंतीचे आहेत की २०१९ मध्ये विधिमंडळाने गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरणच घातले. अशा कामाला वेळ देणारे सभागृह मुंबईत आहे आणि आपले आमदार तेथे बसतात.

सचिव : चर्चा उपयुक्त झाली. निवेदन राज्याच्या सहकारमंत्र्यांच्या नावे, आमदारांमार्फत द्यावे आणि त्याची प्रत पुण्याला सहकार आयुक्तांना पाठवावी, असे मी सुचवतो.

सी-७०४ : मान्य आहे. काका, मसुद्यात २००१ च्या आदेशाचा संदर्भ आपण लिहून द्याल का?

ए-३०२ : देतो. मात्र ताई, एक गोष्ट त्यात स्पष्ट लिहावी लागेल: दहा टक्के ही कमाल मर्यादा आहे, त्यामुळे सर्वसाधारण सभेने ठरवले तर आपली संस्था आजही कमी दर लावू शकते. तो विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा, अशी विनंती मी सचिवांना वेगळ्या पत्राने करतो.