'रात्रीस खेळ चाले'चा कुठला भाग पुन्हा बघायचा?

वेंगुर्ल्याची_लेक: सुट्टीत आईसोबत ही भुताची मालिका परत बघायचीय. 2016चा पहिला भाग की 2019चा दुसरा? माझं मत दुसऱ्याला. घरातले कर्ते अण्णा नाईक पहिल्यात सुरुवातीलाच मरतात, दुसऱ्यात मात्र माधव अभ्यंकरांनी तो माणूस असा उभा केलाय की पडवीत खुर्ची जरा करकरली तरी आई दचकायची. आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता! तुम्ही काय म्हणता?

कुडाळकर: पहिलाच बघ. जिथे शूटिंग झालं तो आकेरीचा वाडा आमच्यापासून जवळ. मालिका चालू असताना मुंबईचे पाहुणे गणपतीला आले की आधी वाडा, मग आरती! आणि मालिकेतल्या पांडूचं 'इसारलंय' (विसरलो) आमच्या घरात अजून चालतं. आमची मालवणी रोज रात्री टीव्हीवर ऐकायला मिळाली, ह्याचं मोल माझ्या आजीला विचार.

देवगडचो_झील: भीतीच होयी तर 'तुंबाड' पिक्चर बघ गो. मालिकेत दचकवण्यासाठी पार्श्वसंगीत फार वाजवतत, थंय नुसतो पाऊस पुरता.

वेंगुर्ल्याची_लेक: 'तुंबाड' 2024ला परत लागला तेव्हा थेटरात पाहिला. पाऊस अगदी आपल्याकडचा, भिंतींना ओल आलेली, कौलांवर शेवाळ. पण आईला नाही दाखवणार, त्यातल्या आजीला बघून ती रात्रभर झोपायची नाही. कुडाळकर, तुमच्या आजीसाठी म्हणून पहिल्यापासूनच सुरू करते. आज रात्री जेवणं झाली की पहिला एपिसोड.