प्रति: ठाण्यात इतिहास उरला आहे कुठे?
वरच्या प्रतिसादात म्हटले आहे की ठाणे म्हणजे मुंबईत कामाला जाणाऱ्यांचे रात्री झोपायचे गाव असून, त्याचा इतिहास १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून इथवर आलेल्या पहिल्या प्रवासी आगगाडीपुरताच आहे. तलावपाळीजवळ, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाजवळ, बरीच वर्षे राहत असल्यामुळे मला हे पटत नाही.

त्या गाडीच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, १७३० साली पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला. आज त्याच तटबंदीत मध्यवर्ती कारागृह असल्याने आम्ही रहिवासी आमचाच किल्ला बाहेरून पाहून पुढे जातो. (आत जाण्याची हौस कोणाला नसते, हे वेगळे.) मासुंद्याच्या काठी कौपिनेश्वराच्या मंदिरातल्या घंटा, जवळच जुने चर्च, आणि १८९३ पासून चालू असलेले मराठी ग्रंथसंग्रहालय, ही आमच्या रोजच्या वाटेवरची ठिकाणे आहेत.

गैरसोय मात्र खरी आहे. जुन्या पेठेतले रस्ते ज्या काळी पडले तेव्हा मोटारींचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन स्थानक गाठताना संध्याकाळी पायी चालणाराच रिक्षाच्या आधी पोहोचतो. घोडबंदर रस्त्याच्या प्रशस्त संकुलांत राहणाऱ्या माझ्या भावाला याचे हसू येते, पण दिवाळी पहाटेला तो सहकुटुंब तलावपाळीवरच येतो.