डुकरांची हगवण: सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये 'एस', तरी औषध लागू पडत नाही

सांगे_फार्मव्हेट
लार्ज व्हाइट यॉर्कशायरचा कळप, दोन वयोगटांत हगवण. आईपासून तोडलेल्या पिल्लांना आठवड्याच्या आत पिवळट, पाण्यासारखी. ३५–४० किलोच्या ग्रोअरना (वाढत्या डुकरांना) शेंबडासारखी, रक्त मिसळलेली. दोन्हींचे रेक्टल स्वॅब पाठवले. रिपोर्ट जवळपास सारखेच: ई. कोलाय, जेंटामायसिन एस (जंतू औषधाला दाद देतो), कोलिस्टिन एस, एन्रोफ्लॉक्सासिन आर (दाद देत नाही), टायलोसिन आर. जेंटामायसिनची इंजेक्शनं ३ दिवस दिली, फरक शून्य. लॅबचं चुकतंय की औषधाचं? पुढचे नमुने कसे पाठवू?

अगरप्लेट
दोन गटांचे दोन वेगळे आजार दिसतात, त्यामुळे रिपोर्टही वेगवेगळे वाचा.

ग्रोअरचा रिपोर्ट बाजूला ठेवा. ई. कोलाय प्रत्येक डुकराच्या शेणात सापडतो. रक्त आणि शेंबूड म्हटलं की आधी ब्रॅकीस्पायरा हायोडिसेंटेरी, म्हणजे स्वाइन डिसेंट्री डोक्यात यायला हवी. हा जंतू ऑक्सिजनमध्ये वाढत नाही, त्यामुळे साध्या प्लेटवर एका रात्रीत दिसणारच नाही. त्याला स्पेक्टिनोमायसिन घातलेलं ब्लड अगर, ऑक्सिजनविरहित जार आणि ४–६ दिवस लागतात. तेव्हाही ठळक कॉलनी (जंतूंचा ठिपका) नसते. पातळ पापुद्रा आणि त्याखाली स्वच्छ हिमोलिसिस (अगरमधल्या रक्तपेशी फुटून पडलेला मोकळा पट्टा). अशा वाढीवर डिस्क (औषधाची चकती) ठेवून झोन (तिच्याभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ) मोजण्यात अर्थ नाही. एमआयसीच (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं सर्वांत कमी प्रमाण) काढावी लागते: ब्रेन हार्ट इन्फ्युजन ब्रॉथमध्ये १० टक्के फीटल काफ सीरम, ३७ अंश, ऑक्सिजनविना, हलवत ४ दिवस. टियाम्युलिनची एमआयसी ०.२५ मायक्रोग्रॅम प्रति मिली किंवा खाली असेल तर स्ट्रेन अजून मूळ वळणाचा, म्हणजे औषधाला प्रतिकार न कमावलेला. वर गेली तर सावध. सर्वमान्य क्लिनिकल ब्रेकपॉइंट ('एस' की 'आर' ठरवणाऱ्या सीमारेषा) मात्र नाहीत.

पिल्लांचा रिपोर्ट थोडा तरी कामाचा. पण लॅबला तीन गोष्टी विचारा. कॉलनी हिमोलिटिक होत्या का? तोडणीनंतरच्या हगवणीचे एफ४ आणि एफ१८ स्ट्रेन (आतड्याला चिकटणारे ई. कोलायचे प्रकार) बहुधा हिमोलिटिक असतात. ०.५ मॅकफारलंड (प्लेटवर लावायच्या जंतूंच्या द्रावणाचा ठरलेला गढूळपणा) जुळवलं होतं का? आणि म्युलर-हिंटन अगरचा थर ४ मिमी होता का? थर पातळ असेल तर झोन मोठा येतो आणि 'आर'चा 'एस' होतो. सोबत एटीसीसी २५९२२ (चाचणी तपासण्यासाठीचा प्रमाणित ई. कोलाय) लावलेला असेल तर त्याचा जेंटामायसिन झोन (१० मायक्रोग्रॅम डिस्क) १९–२६ मिमीत बसला पाहिजे. नाही बसला तर त्या दिवसाचे निकाल सोडून द्या.

कोलिस्टिनचा 'एस' खोडून टाका. रेणू मोठा, अगरमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे डिस्कवर भरवसा नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (द्रव माध्यमात एमआयसी काढणं) हवं. तसंही अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, मग ती डिस्क लावतातच कशाला? टायलोसिनचंही तेच: ई. कोलायवर ते मुळातच चालत नाही.

डोसवाला
जेंटामायसिन का हरलं याचं उत्तर सोपं आहे. इंजेक्शनने दिलेलं किडनीतून बाहेर पडतं, आतड्याच्या पोकळीत जवळपास पोहोचत नाही. आणि एफ४वाले जंतू तिथेच, आतड्याच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. तोंडावाटे दिलेलं जेंटामायसिन किंवा निओमायसिन रक्तात शोषलं जात नाही, आतड्यातच राहतं, इथे तेच हवं. साल्मोनेला (हगवणीचाच दुसरा जंतू) रक्तात पसरला असेल तर हिशेब उलटा, आतड्यातच राहणारं औषध तिथे पोहोचत नाही. शिवाय साल्मोनेलावर अमायनोग्लायकोसाइडचा (जेंटामायसिन, निओमायसिनचा गट) लॅबमधला 'एस' जनावरात खरा ठरत नाही, म्हणून तोही तपासून घ्या. पिल्लं मरतात पाणी कमी पडून, त्यामुळे इलेक्ट्रोलाइट आधी.

ग्रोअरना स्वाइन डिसेंट्रीसाठी टियाम्युलिन: ८.८ मि.ग्रॅ. प्रति किलो, पाण्यातून ५ दिवस. ४० किलोचं डुक्कर साधारण ४ लिटर पाणी पितं असं धरलं तर लिटरला ८८ मि.ग्रॅ. येतात. ४५ टक्क्यांची पावडर असेल तर १०० लिटरला सुमारे १९.६ ग्रॅम. आजारी जनावर कमी पाणी पितं, म्हणून टाकीतली पातळी रोज बघून हिशेब पुन्हा करा. जे पीतच नाही त्याला इंजेक्शन.

सांगे_फार्मव्हेट
ग्रोअरच्या खाद्यात ब्रॉयलर फीड मिसळलेलं असतं. त्याने काही बिघडेल का?

डोसवाला
बिघडेल, आणि वाईट बिघडेल! पोत्यावर सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा नॅरासिन (कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती औषधं) लिहिलं आहे का पाहा. टियाम्युलिन यकृतात त्यांचा निचरा अडवतं. मागचे पाय लटपटतात, स्नायू झिजतात, जनावर मरतंही. दोन्हींमध्ये आधी आणि नंतर किमान ७ दिवसांचं अंतर ठेवा. तोवर लिन्कोमायसिन देता येईल, पण टायलोसिनला दाद न देणाऱ्या ब्रॅकीस्पायरावर तेही अनेकदा लंगडं पडतं. दोघांचं निशाण राइबोसोममधल्या (जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतल्या) २३एस आरएनएच्या त्याच भागात आहे.

अगरप्लेट
नमुन्यांचं: औषध न दिलेली, त्याच दिवशी हगवण लागलेली ३ ते ५ जनावरं निवडा. ब्रॅकीस्पायरासाठी स्वॅब कोळसायुक्त एमीज माध्यमात (नमुना नेण्यासाठीचं माध्यम), बर्फाच्या डब्यात, गोठवू नका. जनावर मेलं तर मोठ्या आतड्याच्या अस्तराचं खरवड लगेच घ्या. आणि फॉर्मवर 'ब्रॅकीस्पायरा, साल्मोनेला, लॉसोनिया' स्पष्ट लिहा. लॉसोनिया (आतड्याचा आणखी एक जंतू) फक्त जिवंत पेशींत वाढतो, त्याची सेन्सिटिव्हिटी नेहमीची लॅब करू शकत नाही, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) मागा. ई. कोलायसाठी एफ४, एफ१८ आणि एलटी, एसटी (हगवण घडवणारी विषं) यांचा पीसीआर. पिल्लांच्या पापण्या सुजलेल्या दिसल्या तर एसटीएक्स२ई (सूज आणणाऱ्या विषाचा जीन) पण जोडा.