मोठं अपडेट आलंय. घ्यायचं की थांबायचं? तुमचे अनुभव लिहा

निळीशाई
काल रात्री काम संपवून लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात कोपऱ्यात चौकट उघडली. नवी आवृत्ती तयार आहे, आता बसवायची की रात्री? मी हात मागे घेतला आणि २०१६चा एक रविवार आठवला.

आई गेल्यावर तिची पत्रं स्कॅन करत होते. लग्नाआधी बाबांना लिहिलेली. पातळ निळा कागद, पाठपोट लिहिलेला, मागची शाई पुढे उमटायची. १४० पैकी ६० झाली होती. त्या सकाळी मोठं अपडेट आलं, मी विचार न करता 'हो' म्हटलं. दोन तासांनी सगळं नीट चालू झालं, फक्त स्कॅनर दिसेना. बनवणाऱ्यांनी नव्या सिस्टीमसाठी ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला स्कॅनर चालवता येण्यासाठी लागणारा प्रोग्रॅम, काढलाच नव्हता. जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं हे कळलं तोवर मुदत संपलेली. उरलेली ८० पत्रं अजून डब्यात आहेत. दुसरा स्कॅनर घेता आला असता, पण मन उठलं ते उठलंच.

आता पुन्हा तीच चौकट. तुम्ही कसं ठरवता? फसलेलं, जमलेलं, दोन्ही लिहा.

उंबरठा
माझं ३२ टक्क्यांवर अडकलेलं. अडीच तास. घरातले सगळे म्हणत होते बटण दाबून बंद कर. नाही केलं. झालं शेवटी. कुणाचं अडकलं तर एवढंच सांगेन, डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका.

शेवंती
निळीशाई, पत्रांचं वाचून गलबलून आलं गं.

माझं फोनचं आहे. सासूबाईंच्या फोनवर रात्री आपोआप अपडेट झालं. सकाळी फोन उचलायचं हिरवं बटण जागेवर नाही, दाबायच्या ऐवजी सरकवायचं. त्यांच्या बहिणीचे तीन फोन वाजून बंद झाले. त्या काही बोलल्या नाहीत, फोन उशीजवळ उलटा घालून बसल्या. मला वाटलं बरं नाहीये. संध्याकाळी म्हणाल्या, "मला आता हे जमत नाही गं." इतकं लागलं मनाला. ८१ वर्षांच्या बाईनं दोन वर्षं खपून शिकलेलं एका रात्रीत पुसलं गेलं. आता आपोआप बसणारं बंद केलंय. मी दर महिन्याला त्यांच्याशेजारी बसून करते, आणि झाल्यावर एकमेकींना चार फोन लावून बघतो. बाकी नंतर लिहिते, कुकर

खडूफळा
आमच्या प्रयोगशाळेत मोजमापाचं एक यंत्र आहे, त्याला जोडलेला संगणक अजून विंडोज एक्सपीवर चालतो. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला. यंत्र ठणठणीत आहे आणि त्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. म्हणून नेटवर्कची तार कायमची काढली, आकडे सीडीवर उतरवून बाहेर नेतो. तिथे अपडेटचा प्रश्नच मिटला.

पण जे मशीन नेटवर आहे त्याला हा न्याय नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय आठवतंय? १२ मे २०१७. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं. जवळपास दोन महिने लोकांनी 'नंतर' म्हटलं. म्हणून सुरक्षेचं मासिक अपडेट मी लगेच घेतो आणि अख्खी नवी आवृत्ती आली की थांबतो. या दोन गोष्टी एकाच चौकटीतून येतात म्हणून घोळ होतो.

उंबरठा
@खडूफळा सीडी? अजून मिळतात?

खडूफळा
जपून ठेवल्यात. पेन ड्राइव्ह त्या मशीनला लावू देत नाही कुणाला.

अबोली
मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, काम करते. तुमच्याकडे अपडेटनंतर आयकॉन हलतात, माझ्याकडे आवाजच जातो. एकदा तसं झालं. मशीन चालू आहे की नाही एवढं फक्त पंख्याच्या आवाजावरून कळत होतं. आवाजाचा ड्रायव्हर गेला होता. तो परत बसवायचा तर पडदा वाचायला आवाज हवा. भाऊ येईपर्यंत सहा तास नुसती बसून होते, कामाची मुदत त्याच दिवशी होती.

आता माझे नियम पक्के आहेत. दुसरं कुणीतरी घरात असतानाच. यूएसबीचा हेडफोन जोडून, म्हणजे आतलं साउंड कार्ड गेलं तरी आवाजाचा दुसरा रस्ता उरतो. आणि माझ्यासारख्याच कुणी आधी करून 'सगळं बोलतंय' असं सांगितल्याशिवाय नाही. हे वाचणाऱ्यांत कुणी सॉफ्टवेअर बनवणारे असतील तर कळकळीनं सांगते, एकदा पडदा झाकून तुमचं अपडेट बसवून बघा.

स्वरवेल
अबोलीताई, यूएसबी हेडफोनचं आजच लिहून ठेवलं. माझ्या गुरुजींची दृष्टी हल्ली अधू झालीय, त्यांना उपयोगी पडेल.

मी ध्वनिमुद्रण करतो. हातातला प्रकल्प पूर्ण होऊन सुपूर्द होईपर्यंत काहीही हलवायचं नाही, हे आमच्या धंद्यात सगळेच पाळतात. एका आवृत्तीनं ३२-बिट प्रोग्रॅम चालवणं थांबवलं आणि माझे चार आवडते प्लगिन (मुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे आवाजाचे छोटे प्रोग्रॅम) जुन्या ३२-बिट पद्धतीचे असल्यानं त्याच दिवशी संपले. सात वर्षांपूर्वीची मुद्रणं उघडतात, पण तो तंबोऱ्यामागचा घुमार नाही. तो त्या प्लगिनचा होता.

दुपारउन्ह
४८ आकडे!! अपडेटनंतर मशीन सुरू होताना डिस्कची रिकव्हरी की मागितली. डिस्क कुलूपबंद आहे हेच माहीत नव्हतं. की माझ्या ऑनलाइन खात्यात होती, पण त्याचा पासवर्ड त्याच लॅपटॉपमध्ये. शेवटी ताईच्या फोनवरून नवा पासवर्ड काढला. प्लीज सगळ्यांनी आज ती की कागदावर लिहून ठेवा.

रातकिडा
परत जायच्या वाटेबद्दल लिहितो, कारण निळीशाईंचं तिथेच निसटलं. विंडोज ११ बसवल्यावर साधारण १० दिवस जुन्यावर परतता येतं. जुनी सिस्टीम विंडोज.ओल्ड या फोल्डरमध्ये असते. जागा हवी म्हणून ते पुसलं की वाट बंद. आयफोनला तर ॲपलनं जुन्या आवृत्तीवर सही करणं, म्हणजे ती बसवायला मंजुरी देणं, थांबवलं की मागे येताच येत नाही. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये सिस्टीमच्या दोन प्रती असतात. चालू असलेलीला न छेडता दुसरीवर अपडेट बसतं, नवीन उठलीच नाही तर फोन जुनीवर सुरू होतो.

आणि पहिल्या आठवड्यात घाई नकोच. विंडोज १०चं ऑक्टोबर २०१८चं अपडेट लोकांच्या फाइली पुसल्या गेल्याच्या तक्रारींमुळे चार दिवसांत थांबवावं लागलं, नोव्हेंबरमध्ये पुन्हा सोडलं. उबुंटू ही लिनक्सवरची सिस्टीम वापरणाऱ्यांना एका एलटीएसवरून (जास्त वर्षं सपोर्ट मिळणारी आवृत्ती) पुढच्या एलटीएसवर जायची सूचनाच मुळी पहिली दुरुस्ती आवृत्ती निघाल्यावर येते.

शेवंती
आले परत. रातकिडा, सासूबाईंचा फोन चार वर्षं जुना आहे, त्यात असतील का दोन प्रती?

रातकिडा
मॉडेल कळवा, बघून सांगतो.

पिंपळपान
निळीशाई, तो जुना स्कॅनर टाकलात का? टाकला नसेल तर व्ह्यूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर बघा. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या हजारो स्कॅनरसाठी त्यात स्वतःचे ड्रायव्हर आहेत. लिनक्सवर सेन आहे, तेही बरेच जुने स्कॅनर ओळखतं. मी आजोबांच्या वह्या अशाच केल्या.

आणि पाठपोट पत्रांसाठी, कागदाच्या मागे काळा कार्डशीट ठेवा. स्कॅनरच्या झाकणाची आतली बाजू पांढरी असते, तिच्यामुळे मागची शाई उठून दिसते. काळ्यावर ती दबते. पान जरा करडं येतं, ते नंतर उजळता येतं.

निळीशाई
टाकला नाही! माळ्यावर आहे. काळ्या कागदाचं इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं हो.

स्वरवेल
स्कॅनची बारकाई ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) नका थांबवू, हस्ताक्षर आहे. ६००.

दुपारउन्ह
आणि दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेव. एक ताईकडे वगैरे.

खडूफळा
तुमचं लॅपटॉप विंडोज १०चं आहे का? त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं नसेल तर फार दिवस लांबवू नका. ११ला टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षेची चिप लागते, पण चौकट आली म्हणजे बहुतेक तपासणी झालेली असणार.

निळीशाई
हो, १०च. नोंदणी त्या महिन्यातच केली होती, त्यामुळे थोडी उसंत आहे.

शनिवारी लिहितेय. अपडेट अजून घेतलं नाही. गुरुवारी रिकव्हरी की कागदावर उतरवली, सगळं बाहेरच्या डिस्कवर घेतलं. काल भाचा आला, त्यानं माळ्यावरून स्कॅनर काढून दिला. व्ह्यूस्कॅननं ओळखला. काचेवर धूळ होती, ती पुसली, काळा कागद लावला, ६०० डीपीआय. एकसष्टावं पत्र. मागची ओळ अजिबात आली नाही. त्यात आई लिहितेय की पावसानं शाई ओघळलीय, वाचता नाही आलं तर मी आल्यावर सांगेन. आलं वाचता.

सगळी ८० झाली की मग 'हो' म्हणणार आहे. रोज दहा करायची ठरवलीयत.

शेवंती
सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतायत, पुढचं पत्र कधीचं आहे?