गाठ आटली, तरी आजार उलटला कसा?

एकाने विचारलंय: तोंडाच्या कर्करोगावरच्या केमोने (औषधोपचाराने) काकांच्या गालातली गाठ दिसेनाशी झाली आणि काही महिन्यांत परत उगवली, असं कसं? त्यावर कुणी म्हणतंय, औषधच भेसळीचं असणार. तसं मानायचं कारण नाही. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात, म्हणून गाठ आटते. पण मोजक्या पेशी सावकाश विभागतात, डीएनएची डागडुजी झटपट करतात, काही पेशी तर औषधच पंपाने बाहेर फेकतात. अशा वाचलेल्या पेशींतून गाठ परत उगवू शकते. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी डोक्या-मानेच्या कर्करोगातून सीडी४४ प्रथिन असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या. गाठीत त्या बहुधा दहा टक्क्यांहून कमी, पण उंदरांत नवी गाठ त्यांनीच उभी केली.

मग सीडी४४वरच नेम धरा की! तेही झालं. बिवाटुझुमॅब मर्टान्सिन हे औषध त्याच प्रथिनाच्या एका प्रकारावर बेतलेलं होतं. तो प्रकार निरोगी त्वचेतही असतो. चाचणीत एक रुग्ण त्वचेच्या भयंकर प्रतिक्रियेने दगावला आणि औषध सोडून द्यावं लागलं.

अशा चिवट पेशी औषधाला पुरत्या दाद देत नाहीत, म्हणूनच तोंडाच्या कर्करोगात, शक्य असेल तिथे, शस्त्रक्रियाच मुख्य उपचार. गाठ आटलीय म्हणून ऑपरेशन पुढे ढकलायचं, हे कृपा करून करू नका. काकांचं ऑपरेशन आता होऊ शकतं का, हे सर्जनना याच आठवड्यात विचारा.