जुने गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चला पुन्हा गिलावा हवा का?

चुनाभट्टी: जुने गोव्यात टेकडीवरच्या मोंतच्या कपेलापाशी (छोट्या चर्चपाशी) सकाळी उभे राहा. (संध्याकाळी नको, ऊन समोरून येतं आणि चर्चच्या नुसत्या सावल्या दिसतात.) से कॅथेड्रल, सेंट काजेतान पांढरीशुभ्र, एकटं बॉम जेझुस तांबडं. 1605 साली अभिषेक झालेल्या या चर्चचा चुन्याचा गिलावा 1950च्या दशकात काढला गेला, 'जुनं दिसावं' म्हणून. भिंतींचा हा तांबडा जांभा उघडा ठेवायचा दगडच नाही. पावसात त्यातली माती धुऊन जाते, लोहाची जाळी उरते, चिऱ्याला (जांभ्याच्या ठोकळ्याला) खळगे पडतात. गिलावा परत चढवा.

चिरेखाण: आणि सत्तर वर्षांची ओळख पुसायची? 1986 मध्ये जागतिक वारसा यादीत नाव गेलं ते याच तांबड्या रूपात. कोकणात शेकडो गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, बिनगिलाव्याचे उभे आहेत.

चुनाभट्टी: गडगा ढासळला तर पुन्हा रचता येतो. इथे दर्शनी भागावरचं कोरीव काम वसईहून आणलेल्या काळ्या दगडात आहे. ते टिकेल, मागचा जांभा झिजेल. ओळख म्हणाल तर साडेतीनशे वर्षं ते चर्च गिलाव्यातच होतं.

मांडवीकाठ: दोघेही मधली पायरी विसरताय. भिंतीला लोणा (ओलीबरोबर वर आलेले क्षार) असताना गिलावा केला, तर क्षार चुन्यामागे साठून पोपडे सुटतात. आधी कागदाच्या ओल्या लगद्याचे लेप लावायचे, सुकले की काढायचे, क्षार उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा. दर्जांत, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांत, कुठे सिमेंट असेल तर ते हातछिन्नीने काढा. सिमेंट चिऱ्याहून कडक. ओल दर्जातून निघेना की चिऱ्यातूनच निघते आणि कडा खाते. मग निदान तीन महिने मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग. एका थराला 10 ते 12 मिमी, त्याहून जाड नाही. आठवडाभर ओलं गोणपाट. काम दिवाळीनंतर सुरू करा, जूनच्या आत संपवा. कोवळा चुना पावसात धुपतो.

चिरेखाण: एवढं सगळं सरकारी निविदेत? सर्वांत कमी दर भरणारा तीन महिने चुना मुरवत बसेल का? वाईट गिलाव्यापेक्षा उघडा जांभा परवडला. छपराची कौलं, पन्हळी आणि पायथ्याचा निचरा आधी नीट करा. निम्मी ओल तिथूनच येते.

मांडवीकाठ: निचऱ्याचं मान्य. मग मागच्या भिंतीवर दोन बाय दोन मीटरचा नमुना करून तीन पावसाळे बघा. दर्शनी भागाचं त्यानंतर.

चुनाभट्टी: तीन पावसाळे चालतील, पण नमुना पश्चिमेला घ्या. झड तिकडून बसते. मागच्या भिंतीवर कुठलाही गिलावा पास होईल.